अजिंठ्याचे मेजर गिल

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग पाडले आहेत. एक घाटाखालचा आणि दुसरा घाटावरचा. वरवट बकाल, संग्रामपूर, जळगाव जामोद ही गावे घाटाखालच्या काळ्याभोर जमिनीत, पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. त्यांच्या उत्तरेस सातपुडा आहे, तर दक्षिणेस घाट चढून गेले की बुलढाणा, चिखली, मेहकर आणि लोणार ही घाटावरची गावे लागतात. हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराचाच एक भाग होय. हीच डोंगररांग धरून पश्चिमेकडे जावे, तर वाघूर नदीच्या काठी, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या एका उंच कड्यात कोरलेली जगप्रसिद्ध लेणी आपल्या दृष्टीस पडतात. याच लेण्यांसाठी ज्याने आपल्या आयुष्याची उत्तरार्धातील सारी वर्षे वेचली, अशा एका चित्रकाराची ही हकीकत आहे. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल.

गिल यांचा जन्म 1804 साली लंडन शहरात झाला. चित्रकला हा त्यांचा पेशा नव्हता. त्यांचा पेशा सैनिकाचा. तरुणपणीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले आणि हिंदुस्थानात आले. कवायत, छावणी आणि शिकार यांत त्यांचे दिवस जात. परंतु तलवार धरणाऱ्या त्या हाताला कुंचल्याचीही गोडी होती. हा अधिकारी उत्तम चित्रे काढतो, असा त्यांचा लौकिक झाला होता, आणि याच लौकिकाने पुढे त्यांच्या आयुष्याला निराळेच वळण लावले.

अजिंठ्याची लेणी अनेक शतके रानात दडून गेली होती. आसपासच्या रहिवाशांना ती ठाऊक होती. तथापि बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता नव्हती. 1819 साली इंग्रज सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा एक अधिकारी शिकारीसाठी त्या बाजूस आला असता, झाडीने झाकलेल्या एका लेण्याकडे त्याचे लक्ष गेले. तेव्हापासून त्यांचा बोलबाला होऊ लागला. लेण्यांच्या भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथा, राजवाडे, मिरवणुका, हत्ती, हंस, फुले आणि फळे अशी असंख्य चित्रे रंगविलेली होती. त्यांतील सर्वांत जुनी चित्रे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, तर पुष्कळशी वाकाटक राजांच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. या वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म येथे होती. वत्सगुल्म म्हणजेच आपल्या वऱ्हाडातील आजचे वाशीम. तेथील राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव याने सोळावे लेणे कोरविले, असे त्या लेण्यातील शिलालेखावरून समजते. म्हणजे अजिंठ्याच्या वैभवाशी वऱ्हाडचे नाते पंधराशे वर्षांचे आहे.

ही चित्रे मोठ्या कौशल्याने तयार केलेली होती. खडकाच्या खरबरीत भिंतीवर प्रथम माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ थर चढवून तो गुळगुळीत करीत, आणि मग त्यावर रंग भरीत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी यांपासून रंग बनविलेले होते. निळा रंग मात्र दूरच्या अफगाणिस्तानातून येणाऱ्या मौल्यवान दगडाची पूड करून मिळवीत. असा हा ठेवा. परंतु तो हळूहळू नष्ट होत चालला होता. खडकातून पाणी झिरपे, वटवाघळे छताला लटकत, आत मुक्काम करणाऱ्यांच्या चुलींचा धूर भिंतींवर बसे. काही प्रवासी तर आठवण म्हणून चित्रांचे तुकडेच खरवडून नेत! भिंतीवरून सुटताच त्या तुकड्यांची माती होऊन जाई, आणि चित्र ना भिंतीवर उरे ना नेणाऱ्याच्या हाती.

प्राचीन वास्तूंचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी 1843 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर एक निबंध वाचला आणि ही चित्रे नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, असा आग्रह धरला. कंपनी सरकारला ते पटले. या कामी 1844 साली मद्रास फौजेतील कॅप्टन गिल यांची नेमणूक झाली. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते.

काम वरवर पाहता सोपे वाटे. भिंतीवर चित्र आहे, ते पाहून कापडावर उतरवायचे. परंतु प्रत्यक्षात ते फारच कठीण होते. त्या काळी हिंदुस्थानात आगगाडी नव्हती. पहिली आगगाडी धावली ती 1853 साली. विलायतेहून रंग किंवा कापड मागवावे, तर ते येण्यास महिनोगणती लागत. राहण्याचे ठिकाण अजिंठा गावात, तर लेणी तेथून काही कोस दूर, घाटाखालच्या दरीत. वाटेत घनदाट झाडी आणि तीत वाघ. पावसाळ्यात वाघूर नदीला पूर येई. उन्हाळ्यात कडा तापून भट्टीसारखा होई. हिवतापाची भीती तर सदाचीच. लेण्यांच्या आत अंधार असे. दाराशी लख्ख ऊन असले, तरी आतील भिंतींपर्यंत त्याचा अंधुक कवडसाच पोहोचे. त्या उजेडात पुसट झालेली रेषा शोधावी, तिचा मेळ लावावा, रंगाची छटा जुळवावी आणि ती तैलरंगांत मोठमोठ्या कापडांवर उतरवावी, असा त्यांचा नित्यक्रम होता.

आपल्या मनातील चित्र काढणे निराळे आणि दुसऱ्याचे चित्र जसेच्या तसे उतरविणे निराळे. नकल करणाऱ्याला आपली हौस बाजूस ठेवावी लागते. अज्ञात चित्रकाराने शेकडो वर्षांपूर्वी जी रेषा ओढली, तिचा माग घेत त्याला नम्रपणे चालावे लागते. स्वभावाने शिकारी आणि पेशाने सैनिक असलेल्या गिल यांनी हा संयम अंगी बाणविला. शिवाय हे काम सरकारी होते. पैसा आणि सामान मिळे ते सरकारी मंजुरीने, आणि ती देणारे दूर होते. लेण्यांतील अंधार त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना दिसे ते एवढेच, की काम लांबत चालले आहे.

या दिवसांत पारो नावाची एक स्थानिक स्त्री गिल यांची सोबतीण होती. 1856 साली तिचा मृत्यू झाला. गिल यांनी अजिंठा गावात तिची कबर बांधली आणि तिच्यावरील आपल्या मायेची साक्ष देणारा लेख दगडावर कोरविला. ती कबर आजही तेथे पाहावयास मिळते. कवी ना. धों. महानोर यांनी या दोघांच्या कथेवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आहे.

याच सुमारास गिल यांनी एक नवी विद्या हस्तगत केली. ती म्हणजे छायाचित्रणाची. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे एक अवजड पेटीच असे, आणि छायाचित्रे काचांवर घ्यावी लागत. तरीही गिल यांनी तो घेऊन रानोमाळ भ्रमंती केली. 1864 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरील ग्रंथात गिल यांनी घेतलेली चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की पुढे त्यांनी घाटावरच्या लोणार येथील दैत्यसूदनाच्या देवालयाचीही छायाचित्रे घेतली. बुलढाणा जिल्ह्याची जी अगदी जुनी छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यांत त्यांची गणना होते.

जवळजवळ वीस वर्षांच्या परिश्रमाने गिल यांनी पंचवीस-तीस भव्य चित्रे पूर्ण केली. ती गुंडाळून लंडनला पाठविण्यात आली. तेथे सिडनहॅम या भागात लोखंड आणि काच यांनी बांधलेला ‘क्रिस्टल पॅलेस’ नावाचा एक प्रचंड महाल होता. त्यात गिल यांची चित्रे मांडण्यात आली. अजिंठा ज्यांनी स्वप्नातही पाहिला नव्हता, असे लोक आता त्याच्या भिंती लंडनमध्ये पाहू लागले. गिल यांच्या श्रमांचे चीज झाले, असेच कोणालाही वाटले असते.

परंतु घडावयाचे वेगळेच होते. 1866 सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस त्या काचमहालाला आग लागली. महालाचा एक भाग जळून गेला आणि त्याबरोबर गिल यांची चित्रेही भस्मसात झाली. जी चार-पाच चित्रे त्या वेळी तेथे नव्हती, तेवढीच वाचली. वीस वर्षे ऊन, पाऊस, ताप आणि अंधार सोसून केलेले काम एका दिवसात राख झाले!

त्या वेळी गिल यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. अशा वयात एवढा आघात झाला असता एखादा मनुष्य कायमचा खचला असता. मूळ चित्रे भिंतींवर आहेत, माझे काम मी केले आहे, आता माझा काय संबंध, असे म्हणून त्यांना स्वस्थ बसता आले असते. परंतु ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पुन्हा सामानाची मागणी केली आणि पुन्हा लेण्यांत उभे राहून चित्रे उतरविण्यास आरंभ केला. हात पूर्वीसारखे चपळ राहिले नव्हते, तरीही काम सुटले नाही. 1879 साली ते फार आजारी पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. भुसावळ येथे त्यांचे दफन करण्यात आले.

गिल गेले, पण त्यांनी आरंभिलेले कार्य थांबले नाही. 1872 पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या हिंदी विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या नकला करण्यास सुरुवात केली होती. तेरा वर्षे हे काम चालले. दैवाचा खेळ असा, की 1885 साली लंडनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळ नकलांचा नाश झाला. तरी 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी तिसऱ्यांदा तोच प्रयत्न केला. त्यांच्या मदतीस आलेल्या तरुणांत नंदलाल बोस हेही होते, जे पुढे थोर चित्रकार म्हणून नावारूपास आले. अशा रीतीने एकाच्या हातून पडलेला कुंचला दुसऱ्याने उचलला. 1983 साली अजिंठ्याची लेणी जागतिक वारसा म्हणून घोषित झाली.

गिल यांची वाचलेली चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहेत. संख्येने ती थोडी आहेत. परंतु ज्या चिकाटीने ती काढली गेली, ती चिकाटी मोठी होती. यश आपल्या हाती नसते, काम मात्र आपल्या हाती असते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.

मुलांनो, तुम्ही कधी अजिंठ्याला गेलात, तर आणखी एक गोष्ट पाहाल. ज्या जॉन स्मिथला ही लेणी प्रथम दिसली, त्याने दहाव्या लेण्यातील रंगीत खांबावर आपले नाव कोरून ठेवले आहे. एकाने चित्रावर स्वतःचे नाव कोरले. दुसऱ्याने चित्र वाचावे म्हणून स्वतःचे आयुष्य वेचले. पुराणवास्तूंपुढे उभे असताना या दोघांपैकी कोणाचा मार्ग धरावयाचा, हे तुम्हीच ठरवा.