पेटी गाऊ लागली

हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता एकमेकांना मिळतात. येथून पूर्वेकडे निघाले, की आंबा घाट चढून आपण कोल्हापूरला पोहोचतो. कोल्हापूरजवळ सांगवडे नावाचे एक गाव आहे. या गावी ५ जून १८८१ रोजी गोविंदराव टेंबे यांचा जन्म झाला. नाटककार, नट, लेखक आणि संगीत देणारे कलावंत म्हणून ते प्रसिद्ध झाले. पण लोकांच्या मनात त्यांचे नाव जोडले गेले ते पेटीशी. पेटी म्हणजे हार्मोनियम.

मुलांनो, पेटी तुम्ही नक्कीच पाहिली असेल. कव्वालीत पेटी असते, भजनातही असते. पण हे वाद्य मूळचे आपले नाही. साधारण १८४० च्या सुमारास ते फ्रान्समध्ये तयार झाले. तेथे ते पायाने भाता हलवून वाजवत. पुढे कोलकात्यात त्याला हाताचा भाता बसवण्यात आला. मग जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवावा आणि दुसऱ्या हाताने वाजवावे, अशी सोय झाली. भात्यातली हवा आतल्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून जाते. त्या थरथरतात आणि सूर निघतो.

पेटी आणि पियानो दोन्ही बोटांनी पट्ट्या दाबून वाजवतात. पियानोत मात्र हवा नसते. पट्टी दाबली, की आत एक छोटी हातोडी तारेवर आपटते. दोन्ही वाद्यांत एक अडचण सारखीच आहे. प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला असतो. आपला गवई एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अलगद घसरत जातो. याला मींड म्हणतात. पेटीवर अशी मींड घेता येत नाही. म्हणून अनेक जाणकार पेटीला नावे ठेवत. हे परके वाद्य आपल्या गाण्याला शोभत नाही, असे त्यांचे मत होते.

गोविंदरावांनी हेच वाद्य निवडले. पेटी शिकवायला त्यांना कोणी गुरू मिळाला नाही. ते ऐकून ऐकून शिकले. त्या काळी कोल्हापुरात संगीताला मोठा मान होता. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादियाखाँ गायक होते. देवल क्लबमध्ये गाण्याच्या बैठकी होत. गोविंदरावांना तेथे उत्तम गाणे ऐकायला मिळाले. अल्लादियाखाँसाहेबांना ते गुरूच मानत. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले.

पंडित भास्करबुवा बखले हेही अल्लादियाखाँचे शिष्य. त्यांच्या गाण्याला गोविंदराव पेटीची साथ करत. साथ करणे सोपे नसते. गवई काय गाणार, हे आधी ठरलेले नसते. तो दम घ्यायला थांबला, की पेटीवाल्याला क्षणभर जागा मिळते. तेवढ्या वेळात त्याने रागाला धरून, आयत्या वेळी सुचलेले काहीतरी वाजवायचे असते. ते लांबले तर गवयाचा रसभंग होतो, आणि नीरस झाले तर बैठक थंड पडते. गोविंदराव या छोट्या जागा फार सुंदर भरत. एक पट्टी सुटण्याआधी दुसरी अलगद दाबावी, भात्याचा दाब हळूच कमी-जास्त करावा, अशा युक्तींनी तुटक सूर जोडले जातात. मग पेटी वाजते आहे असे न वाटता ती गाते आहे असे वाटते. गोविंदरावांची पेटी अशी गात असे. ते एकट्याने पेटी वाजवत, तेव्हाही लोक तल्लीन होऊन ऐकत.

अशा वादनात शब्द नसतात. तरीही ऐकताना मनात चित्रे उभी राहतात. मल्हार रागाचे सूर ऐकून कोकणातल्या मुलाला कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या आठवतील. देशावरच्या मुलाला तापलेल्या मातीवर पडणारे पहिले थेंब दिसतील. सूर तेच, चित्रे मात्र ज्याची त्याची. युरोपातील बेथोव्हेन हा थोर संगीतकार पियानोवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यात पटाईत होता. १८०१ मध्ये त्याने रचलेले पियानोचे एक संगीत आज चांदण्याच्या नावाने ओळखले जाते. पण हे नाव त्याने दिलेले नाही. ते संगीत ऐकून एका लेखकाला सरोवरावर पडलेले चांदणे आठवले, म्हणून ते नाव पडले. गोविंदरावांनीही कल्पना आणि संगीत यांचे नाते ओळखले होते. ‘कल्पनासंगीत’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव आहे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्याचे संगीत गोविंदरावांचे होते. उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी आणि गझल यांच्या चाली त्यांनी मराठी पदांना दिल्या. ती पदे घरोघरी पोहोचली. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्यात त्यांनी राजा हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले.

एवढे होऊनही पेटीवरचा आक्षेप संपला नव्हता. १९४० मध्ये रेडिओवर पेटी वाजवण्यास बंदी झाली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव वारले, तेव्हाही ती बंदी कायम होती. ती शिथिल झाली १९७१ मध्ये. तोपर्यंत सोळा वर्षे गेली होती.

पेटीतला दोष गोविंदरावांना माहीत होता. मींड तिच्यात नव्हती आणि ती कोणी घालूही शकत नव्हते. पण त्यांनी त्या दोषाचे रडगाणे गाइले नाही. जे सूर हाती होते, त्यांतूनच त्यांनी गाणे निर्माण केले. आज मोठमोठ्या गवयांच्या शेजारी पेटी मानाने बसते. तिला ही जागा ज्यांनी मिळवून दिली, त्यांत गोविंदराव टेंबे यांचे नाव अग्रभागी आहे.