खडकांचे वाचक : स्टीफन हिस्लॉप

ओल्या चिखलात उमटलेले पाऊल पावसाच्या एका सरीने पुसले जाते. तरीही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांच्या खुणा खडकांत जपलेल्या आढळतात. अशा खुणांचा विदर्भात प्रथम कसून शोध घेणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप यांची गणना होते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून १८४५ साली ते नागपुरास आले. तेथे त्यांनी मुलांसाठी शाळा काढली आणि गोंड लोकांची भाषा व गीते आस्थेने टिपून घेतली. सवड मिळताच हातोडी घेऊन ते रानोमाळ हिंडत.

१८५१ साली नागपूरजवळील टाकळी येथे हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना खडकात प्राचीन जीवांचे अवशेष आढळले. पुढे तेथे गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया आणि कीटक यांचे अश्म झालेले नमुने मिळाले. लातूरकडे विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो प्राचीन लाव्हारसाचाच होय. लाव्हाच्या दोन लोटांमधील शांत काळात तळी निर्माण होत. त्यांच्या गाळात हे जीव पुरले गेले व वरून नवा लाव्हा पसरला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे हिस्लॉप यांना प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. याच गावी त्या काळातील प्राण्यांची दगड बनलेली विष्ठाही सापडते. इतक्या नाजूक वस्तू टिकल्या कशा? ओल्या गाळावर कित्येकदा सूक्ष्म जीवांची चिकट साय धरते. ती मातीचे कण बांधून ठेवते; म्हणून तीवर उमटलेला डायनोसॉरच्या पावलाचा ठसा सहजासहजी विस्कटत नाही. वर नवा गाळ साचून तो कठीण झाला, की ठसा खडकात कायम राहतो. विष्ठेचा दगड होण्यासही असे सूक्ष्म जीव साहाय्य करतात.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांचे वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. गोंड लोकांविषयीचे त्यांचे लेखन मात्र वाया गेले नाही. सर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ साली प्रसिद्ध केले. १८८३ साली नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले.

डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेत शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण आढळले आणि २००५ साली तो समज खोटा ठरला. हिस्लॉप यांनी ज्या भूमीकडे जगाचे लक्ष वेधले, ती आजही नवे ज्ञान देत आहे. आपल्या पायांखालचा दगडही लक्षपूर्वक पाहावा, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.