जॉन कोल्ट्रेन

जॉन विल्यम कोल्ट्रेन (२३ सप्टेंबर, १९२६ – १७ जुलै, १९६७) हे अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक आणि संगीतरचनाकार होते. टेनर आणि सोप्रानो या सॅक्सोफोनच्या दोन्ही प्रकारांवर त्यांचे प्रभुत्व होते. स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण करण्यासाठी त्यांना १९५७ ते १९६७ अशी जेमतेम दहा वर्षे मिळाली. तरीही 'ब्लू ट्रेन', 'जायंट स्टेप्स', 'माय फेव्हरेट थिंग्ज' आणि 'अ लव्ह सुप्रीम' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांशिवाय जॅझच्या तबकड्यांचा कोणताही संग्रह पूर्ण मानला जात नाही.

प्रारंभिक जीवन

कोल्ट्रेन यांचा जन्म अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. त्यांचे बालपण त्याच राज्यातील हाय पॉइंट येथे गेले. वडील शिंपीकाम करीत व हौसेने वाद्ये वाजवीत. आईचे वडील धर्मोपदेशक होते. जॉन बारा वर्षांचे असताना अवघ्या काही महिन्यांत वडील आणि आजी-आजोबा यांचे निधन झाले व घराचा आधार तुटला. याच सुमारास त्यांनी वाद्यवादनास सुरुवात केली. प्रथम क्लॅरिनेट आणि नंतर आल्टो सॅक्सोफोन ही त्यांची वाद्ये होती.

१९४३ मध्ये ते फिलाडेल्फिया येथे आले. तेथे १९४५ साली त्यांनी चार्ली पार्कर यांचे वादन प्रत्यक्ष ऐकले आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्याच वर्षी ते नौदलात भरती झाले. हवाई बेटांवर नियुक्तीवर असताना, जुलै १९४६ मध्ये, त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्यातील वादनात पार्कर यांचे अनुकरण स्पष्ट जाणवते. पुढील मोठेपणाची चाहूल त्यात क्वचितच लागते.

नौदलातून परतल्यावर त्यांनी फिलाडेल्फियात संगीताचे शिक्षण चालू ठेवले आणि डिझी गिलेस्पी, अर्ल बॉस्टिक, जॉनी हॉजेस अशा नामवंतांच्या वाद्यवृंदांत काम केले. एडी विन्सन यांच्या संचात असताना ते टेनर सॅक्सोफोनकडे वळले. याच वर्षांत त्यांना हेरॉइनचे व्यसन जडले. त्या पिढीतील अनेक जॅझवादकांचे आयुष्य या व्यसनाने उद्ध्वस्त केले. हॉजेस यांच्या वाद्यवृंदातील त्यांची जागाही त्यामुळेच गेली.

माइल्स डेव्हिस यांचा संच आणि व्यसनमुक्ती

१९५५ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी कोल्ट्रेन यांना आपल्या पाच जणांच्या संचात घेतले. तोवर ते वादकांच्या वर्तुळाबाहेर फारसे परिचित नव्हते. डेव्हिस मोजके स्वर घेत आणि मध्ये मोकळी जागा सोडत; कोल्ट्रेन मात्र श्वास संपेपर्यंत स्वर ओतत राहत. या विरोधातच त्या संचाची खुमारी होती. १९५६ साली मे आणि ऑक्टोबर महिन्यांतील केवळ दोन बैठकींत या संचाने प्रेस्टिज कंपनीसाठी इतके ध्वनिमुद्रण केले की, 'कुकिन', 'रिलॅक्सिन', 'वर्किन' आणि 'स्टीमिन' या चार ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने त्यातूनच तयार झाल्या. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात हे काम झाले.

व्यसनामुळे कोल्ट्रेन यांच्या कामात खंड पडू लागला आणि १९५७ च्या वसंतात डेव्हिस यांनी त्यांना संचातून काढून टाकले. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. फिलाडेल्फिया येथील आईच्या घरी राहून त्यांनी हेरॉइन सोडले. या काळात आपल्याला आध्यात्मिक जागृतीचा अनुभव आला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पत्नी नाइमा आणि आई यांचा आधार त्यांना या दिवसांत मिळाला. त्यांच्या चरित्राचे दोन भाग करायचे झाल्यास रेषा येथेच ओढावी लागेल.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका ध्वनिमुद्रित केली. उन्हाळ्यात ते न्यू यॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत पियानोवादक थेलोनियस मंक यांच्यासोबत वाजवू लागले. १५ सप्टेंबर रोजी ब्लू नोट कंपनीसाठी 'ब्लू ट्रेन' ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातील पाचपैकी चार रचना त्यांच्या स्वतःच्या आहेत. १९५८ च्या आरंभी डेव्हिस यांनी त्यांना परत बोलावले आणि १९५९ मध्ये 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेत ते सहभागी झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात ॲटलांटिक कंपनीसाठी 'जायंट स्टेप्स'चे मुख्य ध्वनिमुद्रण झाले. तिच्या शीर्षक रचनेत आधारस्वर इतक्या झपाट्याने बदलतो की, पियानोवादक टॉमी फ्लॅनगन यांच्यासारखा कसलेला वादकही आपल्या पाळीत अडखळतो. ते अडखळणे तबकडीवर तसेच राहिले आहे. रचना किती अवघड आहे, याचा तो सर्वांत प्रामाणिक पुरावा म्हणावा लागेल.

स्वतःचा संच

१९६० मध्ये डेव्हिस यांचा संच सोडून कोल्ट्रेन यांनी चौघांचा स्वतःचा संच उभारला. मॅकॉय टायनर (पियानो), एल्विन जोन्स (ड्रम) आणि काही बदलांनंतर जिमी गॅरिसन (बास) हे त्याचे स्थिर सदस्य ठरले. ऑक्टोबर १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'माय फेव्हरेट थिंग्ज'मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतील एका लोकप्रिय गाण्याचा विस्तार आहे. मूळचे छोटेसे गाणे येथे पावणेचौदा मिनिटांपर्यंत जाते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे असा विस्तार श्रोत्यांच्या घरी पोहोचला, तो ३३⅓ फेऱ्यांच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेमुळेच. या रचनेत कोल्ट्रेन यांनी सोप्रानो सॅक्सोफोन वाजवला असून, तोवर आधुनिक जॅझमध्ये मागे पडलेले हे वाद्य त्यानंतर पुन्हा प्रचारात आले.

१९६१ मध्ये ते इम्पल्स या नव्या कंपनीकडे गेले. काही समीक्षकांनी त्यांच्या लांबलचक वादनाला जॅझविरोधी ठरवले. दुसरीकडे याच काळात त्यांनी 'बॅलड्स' ही संयत ध्वनिमुद्रिका केली, तसेच ड्यूक एलिंग्टन आणि गायक जॉनी हार्टमन यांच्यासोबतही काम केले. सप्टेंबर १९६३ मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे वंशद्वेषातून कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बाँबस्फोट करण्यात आला व चार मुली मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी कोल्ट्रेन यांनी 'अलाबामा' ही विलापिका ध्वनिमुद्रित केली. तिच्यात एकही शब्द नाही.

'अ लव्ह सुप्रीम'

९ डिसेंबर १९६४ रोजी इंगलवूड क्लिफ्स येथे व्हॅन गेल्डर यांच्या नव्या स्टुडिओत 'अ लव्ह सुप्रीम' ध्वनिमुद्रित झाली. सुमारे ३३ मिनिटांच्या या रचनेचे चार भाग असून तबकडीच्या प्रत्येक बाजूवर दोन-दोन भाग आहेत. पहिल्या भागात चार स्वरांची एक छोटी आकृती बासवर सुरू होते, सॅक्सोफोनवर ती वेगवेगळ्या पट्ट्यांतून फिरते आणि शेवटी मानवी आवाजात नामघोषासारखी उच्चारली जाते. चौथ्या भागात कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दशः वाचली आहे. ही प्रार्थना वेष्टनाच्या आतील भागात छापलेली असल्याने श्रोत्याला वेष्टन हातात धरून ती स्वरांबरोबर ओळीओळीने वाचता येते. सात वर्षांपूर्वीच्या व्यसनमुक्तीबद्दलची कृतज्ञता त्यांनी याच वेष्टनावरील पत्रात नोंदवली आहे.

भारतीय संगीताशी संबंध

कोल्ट्रेन यांना भारतीय संगीत व तत्त्वज्ञानाची ओढ होती. पं. रविशंकर यांच्या ध्वनिमुद्रिका ते ऐकत असत. त्यांची भेट घेऊन त्यांनी रागसंगीताविषयी जाणून घेतले आणि त्यांच्याकडे अधिक काळ शिकण्याचा त्यांचा मानस होता. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी असे ठेवले. रवी कोल्ट्रेन हेही पुढे सॅक्सोफोनवादक झाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'इंडिया' या रचनेत आधारस्वर जवळजवळ स्थिर राहतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ही रचना 'जायंट स्टेप्स'पेक्षा लवकर आपलीशी वाटते. मात्र तिला रागसंगीत म्हणता येणार नाही: तिच्यातील स्वरांची निवड आणि ड्रमची चाल जॅझचीच आहे. १९६५ मधील 'ओम' या ध्वनिमुद्रिकेत भगवद्गीतेतील वचनांचे इंग्रजीतून पठण आहे.

अखेरची वर्षे

जून १९६५ मध्ये अकरा वादकांना घेऊन केलेल्या 'असेन्शन'पासून त्यांचे संगीत अधिक मुक्त व कर्कश झाले. हे वादन दोनदा ध्वनिमुद्रित झाले होते. पहिल्या प्रती निघाल्यानंतर कोल्ट्रेन यांच्या पसंतीनुसार दुसरे वादन वापरण्यात आले. वेष्टन मात्र तेच राहिले. त्यामुळे संग्राहक आजही तबकडीच्या मध्यभागाजवळील कोऱ्या पट्टीवर कोरलेली खूण पाहून आवृत्ती ओळखतात.

नवी दिशा न मानवल्याने टायनर आणि जोन्स संचातून बाहेर पडले. पियानोवर दुसऱ्या पत्नी ॲलिस, ड्रमवर रशीद अली आणि दुसऱ्या सॅक्सोफोनवर फारो सँडर्स आले. जुलै १९६६ मध्ये संचाने जपानचा दौरा केला. तेव्हा कोल्ट्रेन यांनी नागासाकी येथील अणुबाँबच्या स्मारकाला भेट दिली. १७ जुलै १९६७ रोजी न्यू यॉर्क राज्यातील हंटिंग्टन येथे यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ते चाळीस वर्षांचे होते.

मरणोत्तर ध्वनिमुद्रिका

कोल्ट्रेन यांच्या अप्रकाशित ध्वनिफिती निधनानंतर पाच दशके उलटल्यावरही उजेडात येत राहिल्या. रशीद अली यांच्यासोबतची 'इंटरस्टेलर स्पेस' १९७४ मध्ये प्रकाशित झाली. मंक यांच्यासोबत १९५७ साली कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाची ध्वनिफीत २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. २००७ मध्ये त्यांना मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान देण्यात आला. ६ मार्च १९६३ रोजीच्या एका बैठकीची कंपनीकडील मूळ फीत हरवली होती. तिची प्रत नाइमा यांच्या कुटुंबीयांकडे जपून ठेवलेली होती. तिच्यावरून 'बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स' ही ध्वनिमुद्रिका २०१८ मध्ये प्रकाशित झाली. तिच्यातील काही रचनांना नावेही दिलेली नव्हती, म्हणून त्या केवळ क्रमांकांनी ओळखल्या जातात.