वारे नव्हे, गुठळी : रूडोल्फ फिरखो यांचे जीवन

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या आजोबांच्या अंगावरून वारे गेले. आमच्याकडे असेच म्हणतात. कानडीतही शब्द पार्श्ववायू. म्हणजे दोन्ही भाषांनी दोष वाऱ्याच्याच माथी मारलेला! संध्याकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि शब्द फुटेना. ज्या हाताने त्यांनी एका अडत दुकानाची कीर्द-खतावणी चाळीस वर्षे लिहिली, तोच हात. शेजारच्यांनी तेल चोळायला सांगितले, ते आम्ही रात्रभर चोळले आणि सकाळी त्यांना दवाखान्यात नेले. किती तास झाले, असे डॉक्टरांनी विचारले. मी मनात हिशेब केला. तेरा तास झाले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती आणि ती विरघळवण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, हे मला त्या दिवशी कळले.

ही गुठळी येते कुठून, आणि हे प्रथम कोणी शोधले ? या प्रश्नाने मला कॉमर्सची पुस्तके बाजूला ठेवून ग्रंथालयातल्या दुसऱ्या कपाटाकडे नेले. तिथे रूडोल्फ फिरखो भेटले.

त्यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील शीफेलबाइन या लहान गावी झाला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. वडील शेती करीत आणि गावच्या खजिन्याचा हिशेबही पाहत. घरची परिस्थिती बेताची. मुलगा हुशार म्हणून १८३९ साली त्याला बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत प्रवेश मिळाला. तेथे शिक्षण मोफत असे, मात्र पुढे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. १८४३ साली पदवी घेऊन ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात आले आणि शवविच्छेदनाच्या कामाला लागले.

मेंदूत रक्तस्राव झाल्याने माणूस कोसळतो, हे स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर यांनी १६५८ सालीच लिहून ठेवले होते. परंतु वाहिनी फुटलेली नसून तुंबलेली असते, तेव्हा काय घडते ? त्या काळी शिरेचा दाह हेच अनेक रोगांचे मूळ मानले जाई. फिरखोंना ते पटेना. फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी आणि पायाच्या शिरेतली गुठळी यांत त्यांना साम्य दिसले. मग त्यांनी कुत्र्यांच्या शिरांत रबराचे तुकडे सोडून पाहिले. ते तुकडे रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसात सापडले. पुढे रोहिण्यांचा अभ्यास करताना त्यांना आढळले की, हृदयात जमलेली गुठळी सुटून मेंदूपर्यंतही जाऊ शकते. जागेवर जमते त्या गुठळीला थ्रॉम्बस आणि वाहत जाऊन दुसरीकडे अडकते तिला एम्बोलस, ही नावे त्यांचीच. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते !

आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना हे लवकर समजावे. चूक दिसते खतावणीत, पण तिचे मूळ पुष्कळदा कीर्दीत असते. खतावणीचेच पान खोडून काय उपयोग ? मागे जावे लागते. फिरखो जन्मभर असे मागे जात राहिले.

अप्पर सायलेशिया भागात टायफसची मोठी साथ चालू असताना १८४८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना पाहणीसाठी पाठवले. जेमतेम तीन आठवडे ते तिथे होते. लोक पोलिश बोलणारे, कमालीचे दरिद्री, नुकत्याच पडलेल्या दुष्काळाने खंगलेले. कारभार मात्र जर्मनांच्या हाती. सरकारला औषधांची यादी अपेक्षित असावी. फिरखोंनी अहवालात मागितल्या त्या शाळा, रस्ते, शेतीची सुधारणा, लोकांच्या हाती स्वतःचा कारभार आणि सरकारी व्यवहारात पोलिश भाषा. रोग शरीरात दिसत होता, पण त्याचे मूळ त्यांना कारभारात सापडले होते.

ही भाषेची मागणी वाचून मी थांबले. आजोबांना घरी सोडताना दिलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता. कोणती गोळी कधी, हे आजीला कळावे म्हणून तो मी रात्री बसून मराठीत उतरवला. तो उतरवणारे घरात कोणीच नसते तर ?

त्याच मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांतीचा उठाव झाला आणि फिरखो मोर्चेबंदीवर उभे राहिले. वैद्यकीय सुधारणेसाठी त्यांनी एक साप्ताहिकही चालवले. सरकारचा रोष ओढवला. १८४९ साली ते बर्लिन सोडून वुर्त्सबुर्गला प्राध्यापक झाले. १८५६ साली त्यांच्या कीर्तीमुळे बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. दोन वर्षांनी पेशी हेच रोगाचे ठिकाण आहे असे सांगणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

एवढ्यावर दुसरा कोणी समाधानी झाला असता. पण १८५९ साली ते बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आले आणि मरेपर्यंत त्या सभेत राहिले. घाण पाणी रस्त्याकडेच्या गटारांतून वाहणाऱ्या त्या शहरात भुयारी गटारे व्हावीत म्हणून ते झगडले. अभियंते जेम्स होब्रेख्ट यांच्या योजनेनुसार १८७३ साली कामाला आरंभ झाला. नगरपालिकेची रुग्णालये आणि मांसाची सक्तीची तपासणी यांसाठीही ते आग्रही होते. विधिमंडळात त्यांनी बिस्मार्कच्या खर्चावर इतकी टीका केली की, १८६५ साली बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोंनी ते नाकारले.

ते चुकलेही. बाळंतिणींच्या तापाबद्दल सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांनी दीर्घकाळ मानले नाही आणि जंतूंना रोगाचे कारण मानण्यासही ते नाखूश होते. एवढा मोठा शोधकही आपल्या मताला चिकटून बसतो, हे वाचून मला आमची ती तेलाची रात्र आठवली. थोडा धीर आला, आणि भीतीही वाटली.

जानेवारी १९०२ मध्ये ऐंशी वर्षांचे फिरखो चालत्या ट्राममधून उतरताना पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

आजोबा आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. शब्द मोजकेच येतात. डाव्या हाताने ते पाटीवर आकडे गिरवतात आणि बेरीज अजून चुकत नाही. त्या तेरा तासांचा हिशेब मात्र माझ्याकडून जुळत नाही.

म्हणून आमच्या गल्लीतल्या दूध डेअरीच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला आहे. अर्धा मराठीत, अर्धा कानडीत. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तेल शोधू नका. घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा, एवढेच त्यात लिहिले आहे. दूध घ्यायला येणारे तो वाचतात. परवा एका काकूंनी कानडी भागातली माझी एक चूक दाखवली. ती मी लगेच दुरुस्त केली.