जिमी स्मिथ : दोन हात, दोन पाय आणि एक ऑर्गन

ऑर्गन म्हटलं की मराठी माणसाच्या कानात आधी संगीत नाटक घुमायला लागतं. रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवादक पायांनी भाता मारतोय, हातांनी सूर धरतोय, आणि पडदा वर जायच्या आधीच प्रेक्षक नाटकात शिरलेले असतात. अमेरिकेत आल्यावर दुसरा ऑर्गन भेटतो, तो चर्चमधला, भिंतभर नळ्यांचा. या दोघांचं तिसरं भावंडही आहे. त्याला ना भाता, ना नळ्या. ते चालतं विजेवर. त्याचं नाव हॅमंड ऑर्गन. या भावंडाला जॅझच्या दरबारात मानाचं पान मिळवून देणाऱ्या वादकाची, जिमी स्मिथची ही गोष्ट. एखाद्याच्या रेकॉर्ड्‌स ऐकून किती पियानोवाल्यांनी आपलं वाद्य बदलावं, याचं याच्याइतकं ठळक उदाहरण सापडणं कठीण.

आधी थोडं वाद्याविषयी, म्हणजे जिमीनं काय केलं ते नीट कळेल. लॉरेन्स हॅमंड हा शिकागोचा इंजिनियर. त्याचा मूळ धंदा विजेवर चालणाऱ्या घड्याळांचा. गंमत म्हणजे त्याला स्वतःला कुठलंच वाद्य वाजवता येत नव्हतं. घड्याळाची ती एका ठरावीक गतीनं फिरणारी मोटर त्यानं ऑर्गनला लावली. तिच्यावर धातूच्या दातेरी चकत्या फिरतात, प्रत्येक चकतीशेजारी लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, आणि चकतीचा दात जवळून गेला की तारेत विजेची लहर उमटते. लहरी स्पीकरमधून बाहेर पडल्या की झाला सूर! नंतरच्या सुप्रसिद्ध बी-३ या मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या होत्या. १९३४ मध्ये पेटंट मिळालं आणि १९३५ मध्ये वाद्य बाजारात आलं.

पाइप ऑर्गनच्या मानानं ते कितीतरी स्वस्त होतं. त्यामुळे ज्या छोट्या चर्चेसना, विशेषतः कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या, नळ्यांचा ऑर्गन परवडण्याचा प्रश्नच नव्हता, तिथं हॅमंड जाऊन पोचला. कंपनीनं मात्र जाहिरातीत आपलं वाद्य थेट पाइप ऑर्गनच्या बरोबरीला नेऊन बसवलं, आणि प्रकरण सरकारी फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेलं. १९३८ मध्ये कमिशननं कंपनीला दावे आवरायला सांगितले. थोडक्यात, या वाद्याच्या कपाळी सुरुवातीपासूनच 'नक्कल' हा शिक्का बसला. जॅझवाल्यांच्या लेखी तर ऑर्गन म्हणजे चर्च, रेडिओवरच्या कौटुंबिक मालिका आणि स्केटिंगची रिंगणं. फॅट्स वॉलर आणि काउंट बेसी यांच्यासारख्या बड्या पियानोवादकांनी ऑर्गन वाजवला होता, पण त्यांचं खरं घर पियानोच.

जेम्स ऑस्कर स्मिथ, म्हणजे आपला जिमी, जन्मला पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये. फिलाडेल्फियाकडच्या मंडळींना हे गाव ठाऊक असेल, किंग ऑफ प्रशियाच्या मॉलपासून गाडीनं फार लांब नाही. १९२० च्या दशकाचा तो उत्तरार्ध होता. घरात पियानो होता, वडील वाजवायचे. लहानपणीच पोरगा वडिलांबरोबर क्लबांमधून नाचगाण्याचे कार्यक्रम करायला लागला. वयाच्या नवव्या वर्षी त्यानं फिलाडेल्फियात रेडिओवरची एक स्पर्धा पियानो वाजवून जिंकली. पुढे नौदलात नोकरी झाली, आणि तिथून सुटल्यावर १९४८-४९ मध्ये संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं. नंतर फिलाडेल्फियाच्या डॉन गार्डनर याच्या बँडमध्ये तो पियानो वाजवू लागला. कामं मिळत होती, नाव होत होतं. त्या शहरात चांगल्या पियानोवाल्यांची रांग लागलेली असायची, पण जिमी त्या रांगेत बऱ्यापैकी पुढे उभा होता.

अशात त्यानं वाइल्ड बिल डेव्हिसला हॅमंड वाजवताना ऐकलं. डेव्हिस दोन्ही हातांनी भरगच्च स्वरसमूह दाबायचा, आणि सोळा-सतरा वादकांचा अख्खा बँड एकट्यानं वाजवल्याचा भास व्हायचा. जिमी भारावला. १९५४ च्या सुमारास त्यानं पियानो सोडून ऑर्गन घ्यायचं ठरवलं.

हा निर्णय साधा नव्हता. पियानो प्रत्येक क्लबात असतो, वादकानं नुसतं जायचं आणि बसायचं. हॅमंड महाग, आणि बाक-पायपट्ट्यांसकट वजन चारशे पौंडांच्या घरात. तो स्वतः विकत घ्यायचा, स्वतः वाहून न्यायचा. आणि एवढं करून वाजवायचं काय, तर ज्या वाद्याला आपल्याच क्षेत्रातले लोक नाकं मुरडतात ते! जमलं नाही तर मागे पियानोवाल्यांच्या रांगेत पुन्हा शेवटून उभं राहायचं.

घरात एवढं धूड ठेवणार कुठे? जिमीनं एक गोदाम भाड्यानं घेतलं, ऑर्गन तिथं ठेवला आणि रियाज सुरू केला. आपल्याकडे चिल्ला करतात म्हणतात ना, तसाच प्रकार. वर्षभराहून थोडा अधिक काळ तो तिथं घासत होता. सगळ्यात मोठी अडचण पायांची होती. हॅमंडला खाली २५ लाकडी पट्ट्या असतात, त्या पायांनी दाबून खर्जाचे सूर काढायचे. पियानोवाल्याला ही सवय नसते, त्याची नजर सारखी खाली जाते. जिमीनं पायपट्ट्यांचा नकाशा कागदावर काढून समोरच्या भिंतीवर लावला. नजर नकाशावर ठेवायची आणि पाय आपोआप जागेवर पडेपर्यंत गिरवत राहायचं.

आता हे वाद्य वाजवणं म्हणजे काय ते बघा. आपल्या हार्मोनियमवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला असतो. हॅमंडवाल्याचे दोन्ही हात मोकळे, पण काम चौघांचं. उजवा हात वरच्या पट्टीवर मुख्य सुरावट वाजवतो. डावा हात खालच्या पट्टीवर. डावा पाय खर्ज धरतो. आणि उजवा पाय? तो आवाजाच्या पायपट्टीवर. हॅमंडची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. त्यामुळे सुरात जीव ओतायचा, तो लहान-मोठा करायचा, ते सगळं उजव्या पायानं. चारही अवयव चार वाटांनी चालले पाहिजेत आणि समेवर एकत्र आले पाहिजेत.

जिमीनं या वाटण्या आपल्या पद्धतीनं केल्या. खर्जाची चाल तो मुख्यतः डाव्या हातानं चालवायचा आणि पायानं त्याच सुरावर हलकेच टिचकी मारायचा. त्यामुळे डबल बासची तार छेडल्यासारखा ठोका यायचा. उजव्या हातात त्यानं डेव्हिसचा भरगच्चपणा टाकला आणि सॅक्सोफोनवाल्यांची चाल आणली: एकेरी, सरळ, वेगवान सुरावट. ऑर्गनचा सूर बोट ठेवाल तोवर विरत नाही. याचा फायदा घेऊन तो वरचा एखादा सूर एका बोटानं तसाच धरून ठेवायचा आणि बाकीच्या बोटांनी खाली वाजवत राहायचा. श्रोते अक्षरशः श्वास रोखून बसायचे.

आवाजाचा पोतही त्यानं निवडला. हॅमंडला पुढे-मागे सरकणाऱ्या नऊ दांड्या असतात, कुठली किती बाहेर ओढली त्यावर आवाज बदलतो. जिमी पहिल्या तीन पूर्ण ओढायचा, बाकी सहा बंद. त्याला बी-३ मधल्या 'पर्कशन' नावाच्या सोयीची जोड, म्हणजे सुराच्या सुरुवातीला एक टणत्कार. शिवाय पट्टी दाबताना आतल्या विजेच्या जोडण्यांमुळे बारीकशी 'टिक्' व्हायची. कारखान्याच्या दृष्टीनं हा दोष, तो घालवायची त्यांची खटपट चालायची. जिमीसारख्या वादकांना मात्र ती हवी होती, तिच्यामुळे सूर ठसठशीत उठायचा.

गोदामातून बाहेर पडलेला जिमी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनच्या कानी पडला. लायन आणि त्याचा भागीदार फ्रान्सिस वुल्फ दोघेही बर्लिनचे. वुल्फ तर हिटलरच्या राजवटीतून निसटून न्यूयॉर्कला आलेला. परक्या देशात येऊन त्या देशाचं संगीत तिथल्या लोकांपेक्षाही जिवापाड जपणारी ही जोडी. लायननं जिमीला लगेच करारबद्ध केलं. १९५६ च्या फेब्रुवारीत पहिलं ध्वनिमुद्रण झालं, आणि 'द चँप' या दुसऱ्याच रेकॉर्डनं जिमीचं नाव सर्वत्र झालं. पुढच्या सात-आठ वर्षांत लायननं त्याच्याकडून एवढं वाजवून घेतलं की एका कंपनीसाठी एका माणसानं इतकं काम केल्याची उदाहरणं कमी असतील.

त्यातली दोन तरी आवर्जून ऐकावीत. एक 'द सर्मन', १९५८ मधलं. एकच धून, वीस मिनिटं, लय मध्यम. ली मॉर्गन, लू डोनाल्डसन, आर्ट ब्लेकी असे दिग्गज सोबतीला आहेत, आणि जिमी प्रवचनकारासारखा आधी हळूहळू विषय मांडतो, मग रंगवत नेतो. दुसरी 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक', १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेली आणि १९६३ मध्ये बाजारात आलेली. स्टॅन्ली टरेंटाइनचा सॅक्सोफोन, केनी बरेलची गिटार, डोनाल्ड बेलीचे ड्रम्स. बास वाजवणारा कोणीच नाही, तरी बास ऐकू येतो!

ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स हे त्रिकूट जिमीनं रूढ केलं. छोट्या क्लबांना ते परवडायचं, कारण तिघांच्या पैशात चौघांचं संगीत. जिमी तर सुरुवातीला ऑर्गन वाहून न्यायला जुनी शववाहिका वापरायचा, तेवढं लांबरुंद सामान दुसऱ्या गाडीत मावणार कसं? १९६२ मध्ये तो व्हर्व्ह कंपनीसाठी वाजवू लागला. ऑलिव्हर नेल्सनच्या मोठ्या वाद्यवृंदासह केलेलं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' त्या वर्षी बिलबोर्डच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत चढलं. केवळ वाद्यसंगीत, तेही जॅझ, आणि लोकप्रिय गाण्यांच्या यादीत!

आता त्या रेकॉर्ड्‌सनी काय केलं ते पाहा. फिलाडेल्फिया हे ऑर्गनवाल्यांचं माहेरघर बनलं. शर्ली स्कॉट, जिमी मॅकग्रिफ, चार्ल्स अर्लंड अशी एकाहून एक नावं तिथून आली. शेजारच्या न्यू जर्सीत लॅरी यंग जिमीच्या वाटेनं निघाला आणि पुढे स्वतःची वेगळी वाट काढून बसला. रेकॉर्ड्‌स अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात ब्रायन ऑगर नावाच्या जॅझ पियानोवादकानं 'चिकन शॅक' ऐकली आणि तो हॅमंडकडे वळला. लेस्टरचा जॉन लॉर्ड पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला, त्याच्यावरही जिमीचा संस्कार झाला. पुढे 'डीप पर्पल'मध्ये त्यानं हॅमंडला रॉकच्या मैदानात उतरवलं. सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून 'डीप पर्पल' ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यातल्या अनेकांनी तो आवाज ऐकलाय, फक्त त्याचा एक उगम नॉरिसटाउनचा आहे हे ठाऊक नसेल.

यातल्या बहुतेकांचा जिमी गुरू नव्हता. त्यांनी त्याला समोर बसून वाजवताना पाहिलंही नव्हतं. हातात फक्त एक काळी तबकडी. ती ऐकायची, सुई उचलून मागे ठेवायची, पुन्हा ऐकायची, आणि हा माणूस एवढं सगळं एकट्यानं करतोय कसं ते शोधायचं. भिंतीवर नकाशा लावून जिमी एकलव्यासारखा शिकला, आणि त्याचे शिष्यही एकलव्यच निघाले.

मग दिवस फिरले. सिंथेसायझर आले, बगलेत मारून नेता येतील असे कीबोर्ड आले. चारशे पौंडांचं धूड कोण उचलणार? १९७० च्या दशकाच्या मध्यावर बी-३ चं उत्पादन थांबलं. जिमीला मिळणारी मागणीही ओसरली. तो आणि त्याची बायको लोला यांनी लॉस एंजेलिसजवळ सॅन फर्नांडो व्हॅलीत स्वतःचा क्लब काढला, तिथं तो वाजवायचा. वाद्य मात्र त्यानं बदललं नाही. ज्यासाठी एकदा पियानो सोडला ते फॅशन गेली म्हणून सोडायचं, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं.

काळ पुन्हा त्याच्याकडे आला. १९८६ मध्ये त्यानं पुन्हा ब्लू नोटसाठी ध्वनिमुद्रण केलं. १९८७ च्या मायकल जॅक्सनच्या 'बॅड' या गाण्यात मधे जो ऑर्गन वाजतो, तो जिमीचा. त्याच्या १९७२ च्या 'रूट डाउन'चा तुकडा १९९४ मध्ये बीस्टी बॉइजनी आपल्या गाण्यात वापरला. २००५ मध्ये अमेरिकन सरकारच्या कलानिधी संस्थेनं त्याला 'जॅझ मास्टर' हा सर्वोच्च सन्मान दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ८ फेब्रुवारी २००५ रोजी अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल इथं तो गेला. फिलाडेल्फियाच्याच जोई डीफ्रांचेस्को या तरुण वादकाबरोबर केलेली 'लेगसी' ही त्याची सीडी त्याच महिन्यात, त्याच्या मृत्यूनंतर आठवड्याभरात बाहेर आली. ऑर्गनला पुन्हा तरुण श्रोते मिळवून देणारा हा जोई २०२२ मध्ये अकाली गेला.

आपल्या घरात मुलांसाठी घेतलेला कीबोर्ड असेल तर एक करून बघा. त्यात 'जॅझ ऑर्गन' असं काहीतरी नाव असलेला आवाज असेल. तो लावून एक पट्टी दाबा. सुराच्या आधी टणत्कार येतो, आणि कीबोर्ड जरा चांगला असेल तर ती बारीकशी 'टिक्'ही. आत ना चकत्या आहेत, ना जोडण्या. कारखान्याला जो दोष वाटत होता, तो आता कंपन्या मुद्दाम, मेहनतीनं तयार करून घालतात. मग मुलांना 'चिकन शॅक' लावून द्या आणि विचारा, बास कोण वाजवतंय?