मिस्त्रींचे झाले पेंटर

हिंगोलीच्या गांधी चौकात उभं राहून एकदा वर बघा. वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध भाऊ, खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे, सोनेरी अक्षरं, मागे डरकाळी फोडणारा वाघ. गाडीवरून जाता जाता त्यातलं तुमच्या डोक्यात काय राहतं? भाऊसुद्धा राहत नाहीत! आता एखादी जुनी, हातानं रंगवलेली दुकानाची पाटी शोधा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत रंगवणाऱ्याचं नाव असतं आणि त्यापुढे शब्द असतो, पेंटर. हा शब्द ज्यांचं आडनावच होऊन बसला, त्या बाबुरावांची ही गोष्ट.

बाबुराव कृष्णराव मिस्त्री. जन्म कोल्हापूरचा, 3 जून 1890चा. घरात सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम. कुठल्याही आर्ट स्कूलचा कागद हातात नाही. बाबुराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव जोडीनं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मिस्त्री हे नाव मागं पडलं.

हे पडद्याचं काम साधं समजू नका. राजवाडा असो की जंगल, दिव्यांच्या उजेडात अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते एका नजरेत कळायला हवं. बारीक नक्षी तिथं कामाची नाही. काय मोठं करायचं आणि काय सोडून द्यायचं, ही अक्कल लागते. पुढं पोस्टर करताना बाबुरावांना तीच उपयोगी पडली, असं मला वाटतं.

1913 साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. 1916मध्ये आनंदराव गेले. बाबुराव थांबले नाहीत. दामल्यांना हाताशी धरून त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला. विकत नाही घेतला, बनवला! गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920मध्ये ‘सैरंध्री’ झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

आता खरी अडचण बघा. सिनेमा मुका, आणि बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नाही. जाहिरात म्हणजे हँडबिल नाहीतर वर्तमानपत्रातला मजकूर. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्याला थिएटरपर्यंत आणायचं कसं? बाबुरावांनी कुंचला उचलला आणि सिनेमाचं चित्रच भिंतीवर लावलं. भारतात चित्रपटाचं चित्रमय पोस्टर सुरू करण्याचं श्रेय म्हणूनच त्यांना दिलं जातं. आज हे सोपं वाटतं, कारण आपण पोस्टर बघतच मोठे झालो. तेव्हा समोर नमुना नव्हता. दोन तासांच्या गोष्टीतून एकच चित्र निवडायचं, आणि ते बघून रस्त्यावरच्या माणसाला पुढं काय होणार याची हुरहूर लागली पाहिजे. ब्रँडिंग हा शब्द कोल्हापुरात कुणाच्या तोंडीही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. प्रेक्षकांसाठी ते सिनेमाच्या माहितीपुस्तिकाही छापायचे.

त्यांचं चित्र नुसतं भिंतीवर नव्हतं. शूटिंगच्या आधी वेशभूषा, पात्रं, हालचाली ते कागदावर काढून घेत. म्हणजे पोस्टर आणि सिनेमा एकाच हातातून उतरत. 1925चा ‘सावकारी पाश’ तर देवादिकांना सोडून थेट शेतकऱ्याच्या दारात गेला. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी, आणि ती भूमिका तरुण शांतारामांची. सेनगाव-कळमनुरीकडच्या कुठल्याही घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

पैशाचा हिशेब मात्र बाबुरावांना जमला नाही, माणसंही टिकली नाहीत. 1929मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. प्रभातची ती तुतारी फुंकणारी बाई आठवते ना? मराठी माणसानं पाहिलेल्या सगळ्या बोधचिन्हांत मी तिला पहिला नंबर देईन. ती घडवणारे हात बाबुरावांच्याच कारखान्यात तयार झाले होते. स्वतः बाबुरावांनी पुढं थोडे बोलपट केले, पण मन रमलं ते रंगांत आणि मूर्तींत. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले.

वसमतच्या हळदीला आता जीआय मिळालंय. पाकिटावर काय काढायचं, हा विचार तुमच्यापैकी कुणीतरी करत असेलच. त्याआधी नेटवर बाबुरावांच्या 1924च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर शोधून बघा. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या, शिल्लक राहिलेल्या पोस्टरांपैकी ते एक. त्यांचे बहुतेक मूकपट कायमचे हरवले. भिंतीवर चिकटवायचा हा कागद तेवढा उरलाय.