नगरवैद्य प्रा. पॅट्रिक गेडिस

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे आणि ते बहुधा आपल्या समाजातील, निदान महाराष्ट्रातील पुरुषाचे असते. यंदा मी एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु जुने घर पाडावे की राखावे, हा प्रश्न आज आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या दाराशी येऊन उभा आहे. वाड्यांवर भाऊबंदांच्या सह्या गोळा होत आहेत, विकासकांचे कागद येत आहेत आणि पेठेत राहिलेली वृद्ध माणसे काळजीत आहेत. अशा समयी ज्या गृहस्थाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठाणे, वांद्रे, नागपूर, बडोदे, इंदूर अशा शहरांच्या गल्ल्या पायी तुडविल्या आणि काय पाडावे हे ठरविण्याआधी काय राखावे हे पाहण्याची विद्या शिकविली, त्याची ओळख ज्ञातिबांधवांस व्हावी, एवढाच माझा हेतू आहे.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. भावंडांत पॅट्रिक धाकटे. कुटुंब पुढे पर्थ शहराजवळ टेकडीवरील एका लहान घरात राहावयास आले आणि तेथील बागेत, वडिलांच्या सहवासात, मुलाचे खरे शिक्षण झाले. टेकडीवरून खाली नदी, शेते, शहर असा सारा प्रदेश एका दृष्टिक्षेपात दिसे. पर्वतापासून समुद्रापर्यंत नदीच्या काठाने चालत गेले असता खाणकरी, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी आणि कोळी असे व्यवसाय क्रमाने भेटतात, आणि ज्या भूमीवर माणूस राहतो तिच्यातून त्याचे काम व कामातून त्याची राहणी घडते, हा त्यांचा पुढील आयुष्यातील आवडता सिद्धांत होता. त्याचे बीज या टेकडीवरच पडले असावे. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या कोणाही माणसास हा सिद्धांत निराळा शिकवावा लागणार नाही.

तरुणपणी त्यांनी काही काळ एका बँकेत नोकरी केली. पण मन रमेना. एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकण्यास गेले, ते आठवड्याभरात परत फिरले. अखेर लंडनला थॉमस हक्सले या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. ज्याच्यापाशी पदवी नाही असा माणूस पुढे दोन विद्यापीठांत प्राध्यापक झाला, हे मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या शिक्षकास नमूद करावेसे वाटले तर वाचक क्षमा करतील.

१८७९ साली शास्त्रीय संशोधनासाठी ते मेक्सिकोस गेले असता त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. वाचन नाही, सूक्ष्मदर्शक यंत्र नाही. त्या काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपीत असता, मनातील विचार अशाच चौकोनांत मांडता येतील असे त्यांस सुचले. दृष्टी परत आली. परंतु सूक्ष्मदर्शकाचे दीर्घ काम डोळ्यांस झेपेनासे झाले. कागदाची घडी घालून तिच्या चौकोनांत स्थळ, काम आणि लोक यांचे परस्परसंबंध मांडण्याची सवय मात्र जन्मभर राहिली, आणि वनस्पतींचा अभ्यासक हळूहळू मनुष्यवस्तीकडे वळला.

१८८६ साली लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या ॲना मॉर्टन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. एडिंबरोचे जुने शहर त्या वेळी दैन्यावस्थेत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून श्रीमंत कुटुंबे नव्या शहरात निघून गेली होती आणि त्यांच्या उंच दगडी इमारतींत एकेका खोलीत एकेक गरीब कुटुंब दाटीने राहत होते. प्रकाश नाही, पाणी नाही, बोळांत घाण साचलेली. सभ्य माणसे तिकडे फिरकत नसत. १८८७ साली गेडिस दांपत्याने आपले चांगले घर सोडले आणि तान्ह्या मुलीस घेऊन ते या वस्तीतील जेम्स कोर्ट नावाच्या जुन्या चाळवजा इमारतीत राहावयास गेले. त्यांनी शेजाऱ्यांस उपदेश केला नाही. स्वतः बादली व ब्रश घेऊन जिने घासले, भिंतींस चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. शेजारी प्रथम पाहत राहिले, मग हाताशी आले. हळूहळू पडकी घरे दुरुस्त झाली. अगदीच मोडकळीस आलेली तेवढीच पाडली आणि त्या रिकाम्या जागेचे अंगण केले.

त्याच साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्याचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती होता. वसतिगृहे चालविण्याचा अनुभव असणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांस यातील धाडस समजेल. पुढे किल्ल्यालगत रॅम्से गार्डन ही घरांची वसाहत उभी राहिली. विद्यार्थी, प्राध्यापक व कलावंत जुन्या शहरात परत राहावयास यावेत आणि गरीब व सुशिक्षित यांचा शेजार पुन्हा जुळावा, ही त्यामागील कल्पना होती. १८९२ साली त्यांनी जवळचाच एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर आरसा व भिंग यांच्या योगाने अंधाऱ्या खोलीतील मेजावर साऱ्या शहराचे हलते चित्र उमटे. ते पाहून माणसाने एकेक मजला खाली उतरावे. प्रथम आपले शहर, मग आपला देश, मग युरोप आणि तळमजल्यावर सारे जग, अशी मांडणी होती. आपले शहर जाणल्यावाचून जग जाणू नये, असा क्रम त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांनीच घालून दिला.

या सर्व उद्योगांत पैशाची घडी कधीच नीट बसली नाही. व्यवहार ॲनाबाईंनी सांभाळला म्हणून संसार चालला. डंडी येथे १८८८ साली त्यांच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निघाले. त्याचे काम केवळ उन्हाळी सत्रापुरते असल्यामुळे उरलेले वर्ष नगरांच्या कामास मिळे.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात निघाले. जगातील नगरांचे नकाशे, चित्रे व आराखडे यांचे मोठे प्रदर्शन अनेक वर्षे खपून त्यांनी जमविले होते. ते क्लॅन ग्रँट नावाच्या दुसऱ्या जहाजावर चढविले होते. त्याच सुमारास मद्रासवर तोफा डागून गेलेल्या एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबरात ते जहाज बुडविले. साठ वर्षांच्या माणसाचा जन्माचा संग्रह समुद्रतळी गेला! मायदेशातील मित्रांनी धावपळ करून नवे नकाशे पाठविले आणि पुढील वर्षाच्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

या देशात त्या वेळी नगरसुधारणेचा अर्थ काय होता, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्यात आले. पण ज्यांची बिऱ्हाडे उठली ती शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरली. गेडिस यांचे म्हणणे असे की, हा उपचार रोगाहून महाग आहे. रस्ता रुंद होतो. दाटी मात्र एका गल्लीतून उठून दुसरीत जाऊन बसते. त्यांची रीत वेगळी होती. हाती नकाशा घेऊन ते भर उन्हात गल्लीबोळ हिंडत आणि पडीक घरे, ओसाड जागा, विहिरी, देवळे, पार यांची नोंद करीत. मग दोन-चार निकामी घरे काढून तेथे लहान चौक करावयाचा, एक झाड लावावयाचे, चांगले घर आड आले तर रस्त्यास किंचित वळण द्यावयाचे. अवयव न तोडता गाठ तेवढी काढणाऱ्या शस्त्रवैद्यासारखी ही जपणुकीची शस्त्रक्रिया. तंजावरास त्यांनी हिशेब करून दाखविला की, सरळ रस्त्यांच्या योजनेहून ही रीत कितीतरी स्वल्प खर्चात होते आणि बेघर होणारी कुटुंबेही थोडीच असतात.

तळी बुजवू नयेत, असाही त्यांचा आग्रह असे. डासांच्या भयाने तळी भरून काढण्याची त्या काळी प्रथा होती. तळ्यात मासे व बदके सोडावी, म्हणजे डासांची अळी उरत नाही आणि विहिरींचे पाणीही टिकते, असे ते सांगत. आपल्या अरुंद गल्ल्यांस ते नावे ठेवीत नसत, कारण उन्हाळ्यात त्याच सावली देतात. अंगणातील तुळशीवृंदावन पाहून त्या घरची व्यवस्था ओळखावी, असे या परदेशी माणसास वाटे.

१९१७ साल त्यांस फार कठीण गेले. हिंदुस्थानच्या पहिल्या दौऱ्यात सोबत असलेला थोरला मुलगा ॲलॅस्डेअर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. ॲनाबाई त्या वेळी येथेच तापाने अंथरुणास खिळल्या होत्या. मुलाची वार्ता त्यांस सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती मनातच ठेवली. जूनमध्ये कलकत्त्यास ॲनाबाई वारल्या. मुलगा गेल्याचे त्यांस अखेरपर्यंत कळले नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच ते इंदुरास होते. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी त्यांस राजधानीचा आराखडा करण्यास बोलाविले होते. शहरात प्लेग होता. नकाशा घेऊन हिंडणारा हा दाढीवाला वृद्ध साहेब आपली घरे पाडावयास आला आहे, या भयाने लोक त्याजकडे बोट दाखवून कुजबुजत. गेडिस यांनी महाराजांजवळ एक चमत्कारिक मागणी केली: आपणांस एका दिवसापुरते महाराज करावे. महाराजांनी मान्यता दिली. मग दवंडी पिटली की, यंदाच्या दिवाळीस मोठी मिरवणूक निघेल, परंतु ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्यांतील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त दिसतील त्याच गल्ल्यांतून ती जाईल. कचरा विनामूल्य उचलला जाईल आणि उंदरांसाठी सापळे मिळतील.

मग काय विचारता! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. हजारो गाड्या केरकचरा शहराबाहेर गेला, भिंतींस रंग चढले. दिवाळीस मिरवणूक निघाली. पुढे हत्ती, घोडे, उंट. मागून उदास वाद्यांच्या साथीत राक्षस, पडक्या घरांच्या प्रतिकृती, रोगराईची सोंगे आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर. मग वाद्यांचा सूर पालटला. शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले शहरातील झाडूवाले नव्या झाडूंसह आले. त्यांच्या गाड्या रंगविलेल्या, बैल शृंगारलेले. मागे लक्ष्मी, नव्या शहराचे आराखडे, आणि बागांच्या गाड्यांवरून वाटली जाणारी तुळशीची रोपे. रात्री राक्षस व उंदीर यांचे दहन झाले आणि दारूकाम झाले. प्लेग ओसरला. ऋतू पालटल्याचाही त्यात वाटा होता, हे गेडिस स्वतः मान्य करीत. लोकांचे भय मात्र निश्चित गेले.

ज्यांच्या कष्टांवर शहर स्वच्छ राहते त्यांस त्या दिवशी मिरवणुकीत मानाचे स्थान मिळाले, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. ती एका दिवसापुरतीच होती, हेही विसरता येत नाही. हार दुसऱ्या दिवशी सुकले असतील, आणि त्या माणसांशी नगराची वागणूक किती पालटली, हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहेच.

इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. खान व सरस्वती या नद्यांचे काठ मोकळे करून तेथे बागा कराव्या, मैला नदीत न सोडता खत करून जमिनीस द्यावा, असे त्यात आहे. काही गोष्टी झाल्या, पुष्कळ कागदावर राहिल्या. गेडिस यांच्या बहुतेक अहवालांची हीच गत झाली. त्यांचाही यात दोष होताच. एक काम पुरे होण्याआधी दुसरे हाती घेत आणि दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, ते श्रोत्यांस पुरते ऐकूही येत नसे.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांस विलायतेस पाठविण्याची शिफारस त्यांचीच. १९२४ साली विभागाची धुरा घुर्यांकडे आली आणि पुढील कित्येक पिढ्यांचे समाजशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले. मधल्या काळात गेडिस यांनी जगदीशचंद्र बसूंचे चरित्र लिहिले (१९२०) आणि जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा केला. १९२५ साली तेल अवीव नगराची रचना त्यांनी आखून दिली. तिच्यावर वाढलेल्या त्या शहराच्या भागास २००३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

प्रकृती खालावल्याने १९२४ साली त्यांनी मुंबई सोडली आणि दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए येथे ओसाड माळावर बाग फुलवून एक विद्यालय काढले. पूर्वी नाकारलेली सर ही पदवी त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारली. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हिंदुस्थानी अहवालांतील निवडक भाग १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील सहा शहरांविषयीचे १९१५ चे त्यांचे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ साली पुन्हा छापले. त्यांत ठाणे व वांद्रे ही दोन्ही आहेत. तेथील ज्ञातिबांधवांनी जुन्या ग्रंथालयात ते मागून पाहावे. आपल्या आजोबांच्या वेळची तळी आणि गल्ल्या त्यांत भेटतील.